साथीतील 'जागा' आणि तिचे बोल

मराठी संगीतव्यवहारात 'जागा' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. गायकाने ओळीनंतर जागा सोडली आहे, असे म्हणताना तो मोकळ्या अवकाशाचा वाचक असतो. आणि वादकाने सुंदर जागा घेतली, असे म्हणताना त्याच शब्दाने त्या अवकाशात निर्माण झालेली आकृती सांगितली जाते. आधार आणि आधेय यांना एकच नाम मिळावे ही अर्थविचारात नवलाची गोष्ट नव्हे. 'सारे गाव जत्रेला लोटले' या वाक्यातील गाव म्हणजे गावातील माणसेच होत. परंतु साथीच्या विद्येत हे नामैक्य विशेष अन्वर्थक आहे. दोन ओळींच्या मध्ये साथीदार जो लहानसा, जलद तुकडा भरतो, मग ती ढोलकीची उठाण असो, पेटीवरील पाच-सहा स्वरांची धाव असो किंवा लावणीतील लग्गीचा अंश असो, त्याचे यश त्याच्या घडणीपेक्षा तो कोठे बसला यावर अधिक अवलंबून असते. असा द्रुत भराव विद्यार्थी कसा आत्मसात करतो आणि त्या शिक्षणात भाषेचा वाटा किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय संगीतशास्त्राचा असता भाषाशास्त्राच्या विभागीय पत्रिकेत त्याला स्थान का द्यावे, असा प्रश्न कोणी उपस्थित करील. त्याचे उत्तर असे की साथीदाराला एकाच वेळी दोन भाषाव्यवस्था सांभाळाव्या लागतात. एक, गायक जे पद म्हणतो त्याची. दुसरी, वादक मनात जे बोल म्हणतो त्यांची. या दोन व्यवस्थांना मराठी उच्चारातील एकच नियम, म्हणजे अन्त्य 'अ'काराचा लोप, परस्परविरुद्ध रीतीने लागू होतो. जो विद्यार्थी हा विरोध कानाने ओळखतो त्याचा भराव बसतो; जो ओळखत नाही त्याचा हात कितीही तयार असला तरी तो गायकाच्या शब्दांवर आदळतो.

विवेचनाला एखादे ठिकाण समोर असावे म्हणून अमडापूर घेतो. हे गाव बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यात, चिखली ते खामगाव या रस्त्यावर असून बल्लाळदेवीच्या स्थानामुळे परिचित आहे. येथील बोली वऱ्हाडी. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. परंतु तो काळ उधळ्या पुत्राच्या दृष्टांताची भाषांतरे आणि शब्दांच्या याद्या जमविण्याचा होता. ढोलकीवाला मुलाला जे बोल म्हणून दाखवितो त्यांना भाषेचा नमुना मानावे ही कल्पनाच तेव्हा कोणाला शिवली नाही, आणि खरे सांगावयाचे तर आपल्यालाही ती अजून फारशी शिवलेली नाही. वऱ्हाडातील गावांना भजनाचे दोन प्रवाह ठाऊक आहेत: टाळ-पखवाजाचे वारकरी भजन आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) लोकप्रिय केलेले खंजिरी भजन. दोहोंतही वाद्य शिकण्याची शाळा म्हणजे भजनाचा फडच. मुलगा प्रथम टाळ धरतो, वडीलधाऱ्या वादकाच्या मांडीला मांडी लावून बसतो आणि पुढे केव्हातरी ढोलकी किंवा पेटी त्याच्याकडे सरकविली जाते. या शिक्षणाचा दंडक एकच असतो: आधी तोंडाने म्हणावे, मग हाताने वाजवावे. या दंडकाचे प्रयोजन केवळ स्मरणसौकर्य आहे असे सामान्यतः मानले जाते. ते तेवढ्यावर संपत नाही, हे पुढे दिसून येईल.

प्रथम पदाकडे वळू. भजनात सर्वाधिक गाइल्या जाणाऱ्या मोठ्या अभंगाची रचना सर्वज्ञात आहे. चार चरण, पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी ६ अक्षरे, चौथ्यात ४, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक. माधव जूलियन यांनी 'छंदोरचने'त ज्या वर्गास 'छंद' म्हटले त्यातली ही रचना असल्यामुळे येथे लघुगुरुभेद पाहावयाचा नसतो, अक्षरसंख्या तेवढी मोजावयाची असते. आता हा अभंग ८ मात्रांच्या भजनी ठेक्यात, एका चरणाला एक आवर्तन आणि एका अक्षराला एक मात्रा, अशा सर्वांत साध्या वाटणीने म्हटला असे समजू. चालीगणिक ही वाटणी बदलते, परंतु हिशेब समजण्यास ती पुरेशी आहे. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी २ मात्रा उरतात आणि चौथ्यात ४. म्हणजे ३२ मात्रांपैकी १० मात्रांत नवीन अक्षर येत नाही. तेथे गायक शेवटचा स्वर लांबवितो किंवा श्वास घेतो. या १० मात्रा म्हणजेच साथीदाराची जागा.

आता त्याच ठेक्यात, त्याच वाटणीने, प्रत्येक चरणात ८ अक्षरे असलेला छोटा अभंग घ्या. ८ अक्षरे आणि ८ मात्रा: उरले काय? शून्य. मोठ्या अभंगात शोभलेला तुकडा जसाच्या तसा येथे उचलून ठेवला की तो सातव्या-आठव्या अक्षरावर, म्हणजे नेमका यमकावर पडतो. आणि ज्या शब्दासाठी चरण रचला तोच श्रोत्याला ऐकू येत नाही. ढोलकी फार वाजते, अशी तक्रार भजनात नेहमी ऐकू येते. माझ्या मते तीतील निम्मी तक्रार आवाजाच्या मोठेपणाची नसून या छंदोभेदाकडे झालेल्या दुर्लक्षाची असते.

अक्षरे मोजताना आणखी एक अडचण आहे आणि ती खास भाषिक आहे. बोलताना आपण 'देव' हा शब्द 'देव्' असा उच्चारतो. तो एका झटक्यात संपतो. अशा एका स्वराभोवती जुळलेल्या उच्चारघटकास येथे 'अवयव' म्हणू. बोलण्यात 'देव' एकावयवी आहे. अभंगात मात्र तो 'दे-व' असा दोन अक्षरांचा. 'पंढरपूर' बोलण्यात 'पं-ढर्-पूर्' असे तीन अवयव. अभंगात 'पं-ढ-र-पू-र' अशी पाच अक्षरे. अभंगाने जुन्या मराठीतील अन्त्य 'अ'कार जपून ठेवला आहे, बोलीने तो टाकला आहे. म्हणून बोलण्याच्या सवयीने चरण मोजणारा मुलगा गायकाच्या आधी संपतो. त्याला वाटते शब्द झाला, आता जागा माझी. आणि गायकाच्या मुखात अजून एक अक्षर शिल्लक असते. भजनातील जुने वादक हे शास्त्र सांगू शकत नाहीत, पण मुलाला टाळावर अभंग म्हणावयास लावून तो लोपलेला 'अ' त्याच्या तोंडात परत आणतात. पेटी-ढोलकीला हात लावण्यापूर्वी वर्ष-सहा महिने टाळ धरावयास लावण्याचे एक कारण हेच असावे.

आता वेळेचा हिशेब करू. लय चढली की मिनिटाला २०० मात्रा ही गती कल्पनेतील नव्हे. अशा लयीत एक मात्रा ०.३ सेकंदाची, दोन मात्रांची जागा ०.६ सेकंदाची, चार मात्रांची १.२ सेकंदाची. गायकाचे शेवटचे अक्षर ऐकल्यावर हात हलवू असे जो ठरवील त्याची, केवळ ऐकून प्रतिक्रिया देण्यात, यांतील दीड ते दोन दशांश सेकंद निघून जातील. दोन मात्रांच्या जागेपैकी चतुर्थांश ते तृतीयांश ती सुरू होण्यापूर्वीच संपेल. तेव्हा चांगला साथीदार ऐकून सुरू करीत नाही; शेवट कोठे येणार हे आधीच जाणून सुरू करतो.

हेच आपण संभाषणात रोज करीत असतो. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ साली संभाषणातील पाळीबदलाची जी मीमांसा प्रसिद्ध केली तिचा गाभा असा की ऐकणारा बोलणाऱ्याच्या वाक्याचा संभाव्य शेवट आधीच हेरीत असतो. पुढे तान्या स्टिव्हर्स व त्यांचे सहकारी यांनी २००९ साली १० भाषांतील होय-नाही प्रकारच्या प्रश्नोत्तरांची तुलना केली तेव्हा प्रश्नाचा शेवट आणि उत्तराचा आरंभ यांतील सरासरी अंतर सुमारे ०.२ सेकंद आढळले. (या दहांत भारतीय भाषा एकही नव्हती, ही आपल्याकडील अभ्यासकांनी ध्यानात घ्यावयाची गोष्ट.) आता चित्र पाहून एखादा साधा शब्द उच्चारण्याची मानसिक सिद्धता करण्यासच सुमारे ०.६ सेकंद लागतात असे प्रयोगांवरून ठरले आहे. अर्थात् उत्तराची तयारी प्रश्न चालू असतानाच सुरू झालेली असली पाहिजे. गोष्ट सांगणाऱ्याला 'हूं' म्हणणारे आजीपुढचे मूल, शाहिराच्या ओळीच्या शेवटी 'जी जी' म्हणत झील धरणारा झीलकरी आणि अभंगाच्या चौथ्या चरणानंतर तुकडा भरणारा ढोलकीवाला, हे तिघे एकाच कौशल्याचे धनी आहेत. फरक इतकाच की हुंकार चुकीच्या ठिकाणी पडला तर गोष्ट अडत नाही, तुकडा पडला तर सम हुकते.

येथवर जागेच्या पहिल्या अर्थाचा, म्हणजे अवकाशाचा विचार झाला. त्या अवकाशात जे भरावयाचे त्याच्या गतीचा प्रश्न याहून बिकट आहे. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत चौगुन वाजवावयाची तर प्रत्येक आघाताला ०.०७५ सेकंद मिळतो, म्हणजे सेकंदाला १३ हून अधिक आघात. कार्ल लॅशली यांनी १९५१ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, वादकाची बोटे सेकंदाला १६ पर्यंत आघात करू शकतात आणि तेही निश्चित पण बदलत्या क्रमाने, या गोष्टीचा आधार घेऊन असे दाखविले की अशा क्रियेत एका आघाताची संवेदना पुढच्या आघाताला चालना देते हे संभवतच नाही. त्या संवेदनेला मेंदूपर्यंत जाऊन परत येण्यास वेळच नसतो. म्हणून संपूर्ण तुकडा आधीच एकसंध रूपाने तयार असला पाहिजे. लॅशली यांना हाच विचार वाक्यरचनेच्या प्रश्नाकडे घेऊन गेला, आणि भाषेच्या मानसशास्त्रात त्या निबंधाला आजही मान आहे.

तो तुकडा तयार कोठे होतो? आपल्या परंपरेचे उत्तर: मुखात. पण येथे एक शंका उत्पन्न होते. सामान्य बोलण्यात आपण सेकंदाला सुमारे ५ ते ७ अवयव उच्चारतो. वाचादोषांची परीक्षा करताना प, त, क ही अक्षरे शक्य तितक्या जलद म्हणावयास सांगतात, तेव्हाही निरोगी प्रौढाला साधारण तितकीच गती साधते. हाताला १३ आघात हवे आहेत आणि जिभेची धाव ७ वर थांबते. मग जिभेने हाताला शिकवावे कसे?

याचे उत्तर 'तिरकिट' या एका बोलात आहे. लिहिताना ही चार अक्षरे. प्रत्येक अक्षराला हाताचा एक आघात. परंतु उच्चारताना आपण 'ति-र-कि-ट' असे म्हणत नाही; मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांच्या स्वभावानुसार 'अ' गळतो आणि 'तिर्-किट्' असे दोनच अवयव होतात. चार व्यंजने चार आघात दाखवितात, पण जिभेला दोनच स्पंद द्यावे लागतात. तुकडा 'तिरकिटतक' असा वाढविला तर आघात सहा, अवयव तीन. 'धिरधिर'मध्येही आघात चार, अवयव दोन. आता वरील हिशेब पुन्हा मांडा: सेकंदाला १३⅓ आघात म्हणजे ६⅔ अवयव, आणि ही गती नेमकी मानवी वाणीच्या मर्यादेत बसते. जिभेवरचा भार निम्मा करून हाताची पूर्ण गती दाखविणारी ही योजना आहे. अभंगात जो 'अ' परत आणावा लागतो तोच बोलांत टाकावा लागतो, असे मी आरंभी म्हटले ते यासाठी.

व्यंजनांची निवडही यादृच्छिक नाही. 'तिर्' मध्ये जिभेचे टोक 'त'साठी दातांना टेकते आणि 'र'साठी वरच्या हिरडीला केवळ एक चाटा देऊन येते. हा चाटा उच्चारांतील अत्यंत अल्पकालीन व्यापारांपैकी एक आहे. लगेच 'क' येतो, तो जिभेच्या मागच्या भागाने. तेवढ्या अवधीत टोक मोकळे होऊन 'ट'साठी वळण्यास सज्ज होते. टोक आणि मूळ यांना आळीपाळीने काम देण्याची ही युक्ती केवळ आपली नव्हे. बासरीवर जलद स्वर काढण्यासाठी जिभेची दुहेरी हालचाल करण्याची रीत क्वांट्झ या जर्मन वादकाने १७५२ च्या आपल्या ग्रंथात अक्षरांच्याच साहाय्याने सांगितली आहे. हाताकडे पाहिले तर तेथेही आळीपाळीच दिसते. तबल्यावर 'तिरकिट'चा रूढ निकास असा: 'ति' उजव्या हाताच्या मधल्या बोटाने, 'र' तर्जनीने, 'कि' डग्ग्यावर डाव्या पंजाने, 'ट' पुन्हा उजव्या मधल्या बोटाने. जिभेचे मूळ आणि डावा हात ही दोन्ही एकाच क्षणी, 'क'च्या ठिकाणी, कामाला लागतात. हा योगायोग मानणे मला कठीण वाटते.

याच निकासात भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट सापडेल. 'ति' आणि 'ट' हे एकाच आघाताचे दोन उच्चार आहेत. उलट, 'तिर'मधील 'र' तर्जनीचा, तर 'धिरधिर'मधील 'र' पंजाच्या अंगठ्याकडील कडेचा. म्हणजे एक नाव, आघात दोन. शिवाय हा 'र' बोलाच्या आरंभी येत नाही. तो सदैव दुसऱ्या, दुबळ्या स्थानी असतो. यावरून बोल म्हणजे आघातांची नामावली नव्हे हे स्पष्ट व्हावे. आघात आणि बोल यांचा संबंध स्थानावर अवलंबून आहे, जसा स्वनिम आणि स्वनांतर यांचा असतो. जो विद्यार्थी 'र म्हणजे अमुक बोट' असे पाठ करतो तो 'धिरधिर'पाशी अडखळतो. जो संपूर्ण 'धिर्' एक अवयव म्हणून ग्रहण करतो त्याचा पंजा एकाच डुलत्या हालचालीत दोन्ही आघात काढतो.

घोष-अघोष भेदाचाही येथे अर्थपूर्ण उपयोग केलेला दिसतो. तबल्याच्या मुख्य बोलांत 'धा', 'धिं', 'घे' यांतील घोष महाप्राण व्यंजन डग्ग्याच्या घुमाऱ्याचे सूचक आहे. 'ता', 'तिं', 'के' या अघोषांत तो घुमारा नाही. 'दीं'सारखे अपवाद आहेत, परंतु ठेक्याची भरी आणि खाली ज्या भेदावर उभी आहे तो भेद मराठीच्या ध्वनिव्यवस्थेतही आहे. अनिरुद्ध पटेल आणि जॉन आयव्हर्सन यांनी २००३ साली बार्सिलोना येथील ध्वनिविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तबल्याचे बोल आणि त्यांचे नाद यांची ध्वनिमापनाने तुलना सादर केली. अक्षराचे उच्चारगुण आणि आघाताचे नादगुण यांत प्रत्यक्ष साम्य असल्याचे तीत दाखविले आहे. भाषेतील चिन्ह यादृच्छिक असते या आपल्या सिद्धांताला बोलांचा प्रांत काही अंशी तरी अपवाद ठरतो.

तथापि वरील उपपत्ती सार्वत्रिक समजू नये. कर्नाटक संगीतात 'तकदिमि' हे चार आघात चार स्वरान्त अवयवांनी म्हटले जातात. तेथील भाषांत अन्त्य स्वर असा गळत नाही. तेथे जिभेला पुरे काम करावे लागते, आणि कदाचित् म्हणूनच कोन्नक्कोल ही बोल म्हणण्याची स्वतंत्र, मैफलीत सादर होणारी कला बनली. आपल्याकडे पढंत हे बहुधा वादनाचे साधन राहिले.

ज्या वाद्याला बोलच नाहीत तेथे द्रुत भराव कसा शिकतात, याची तुलना उद्बोधक होईल. त्यासाठी अमेरिकेतील पेडल स्टील गिटार घेऊ. कारण दोन ओळींमधील जागा भरणे हेच तिथल्या ग्रामीण वळणाच्या गाण्यांत या वाद्याचे मुख्य काम आहे. हवाई बेटांतील आडव्या गिटारीपासून ते निघाले. या वाद्याच्या रूढ प्रकारात १० तारा असतात. डाव्या हातातील पोलादी कांब तारांवरून सरकते, उजव्या हाताचा अंगठा व दोन बोटे नख्या घालून छेडतात, आणि पायाखालचे एक पेडल दाबले की ठराविक तारा पूर्ण स्वराने, दुसरे दाबले की आणखी काही अर्ध्या स्वराने चढतात. गुडघ्यांनी हलवावयाच्या पट्ट्या वेगळ्याच. वेब पिअर्स या गायकाच्या १९५४ साली गाजलेल्या 'स्लोली' या ध्वनिमुद्रिकेत बड आयझॅक्स यांनी तार छेडलेली असतानाच पेडल दाबून स्वर चढविला, आणि तो ढंग सर्वत्र पसरला. हवाई गिटारीचे मूळ रूप आपल्याकडेही आले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ली यांनी ते वाजविले. ब्रिजभूषण काब्रा यांनी त्यावर रागसंगीत मांडले आणि १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत संतूर व बासरीच्या जोडीने ते घरोघरी पोहोचविले. पेटीला न साधणारी मींड या वाद्याला सहज साधते हे त्याचे कारण उघड आहे.

मात्र ज्या गुणामुळे मींड साधते तोच द्रुत भरावात आड येतो. या वाद्याची तार छेडल्यावर दीर्घकाळ वाजत राहते. जलद तुकड्यात मागची तार पुढच्या स्वरात मिसळून गलबला होतो. म्हणून तेथील विद्यार्थ्याचा खरा अभ्यास तार छेडण्याचा नसून ती वेळेवर दाबून धरण्याचा असतो. पंजाच्या कडेने किंवा नखीच्याच टोकाने प्रत्येक स्वर पुढच्याच्या आधी बंद करावा लागतो. गती म्हणजे आवाजांची दाटी नव्हे, आवाजांमधील मौनांची नेमकी वाटणी होय. भाषेतही स्पर्शव्यंजन म्हणजे श्वासाचा क्षणिक अडसरच. तो नसेल तर उरते ती स्वरांची रडारड. 'तिर्-किट्' म्हणताना विद्यार्थी हा अडसर तोंडाने शिकतो, आणि तोच पुढे त्याच्या बंद आघातांत उतरतो. स्टील गिटारीच्या शिक्षणात तार कोणती, पट्टी कोणती आणि पेडल कोणते हे सांगणारी आकड्यांची लिपी असते. ती हात कोठे ठेवावा हे अचूक सांगते. पण ती म्हणता येत नाही. म्हणून तेथे शिकणाऱ्याला आवडत्या वादकाची ध्वनिमुद्रिका संथ करून पुनःपुन्हा ऐकण्यावाचून गत्यंतर नसते.

पेटीची स्थिती या दोहोंच्या मधली. तिला सरगम आहे, म्हणजे म्हणता येईल अशी भाषा आहे. परंतु 'सा रे ग म' हे स्वरान्त अवयव असल्याने फार द्रुत गतीत ते जिभेला झेपत नाहीत. म्हणून पेटीवाला आकृती पाठ करतो आणि ती गायकाने सोडलेल्या स्वरापासून उचलतो. नाट्यपदांच्या साथीबद्दल ख्यात असलेले गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) यांची साथ ज्यांनी लक्षपूर्वक ऐकली असेल त्यांना भराव शब्दाला कोठेही न झाकता शब्दाच्या शेपटातून कसा निघतो हे सांगावयास नको. स्वतंत्र वादनात सर्वमान्य झालेले अहमदजान थिरकवाँ यांच्यासारखे तबलावादक गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना ठेका धरीत, हेही येथे आठवावे. हाताच्या तयारीचा प्रश्नच नव्हता. पदाचा शब्द कोठे संपतो याकडे कान लावून बसणे हेच तेथले काम होते.

अलीकडे अमडापुरासारख्या गावातील मुलाच्या हातातही मोबाइल आहे आणि वादनाची चित्रफीत अर्ध्या गतीने पाहण्याची सोय आहे. ही सोय मी कमी लेखीत नाही. निकास डोळ्यांनी इतका स्पष्ट पूर्वी कधी दिसत नव्हता. परंतु तिच्यातून जे निसटते ते नेमके भाषिक आहे. संथ केलेल्या चित्रात 'तिरकिट'चे चार आघात चार सुटे तुकडे होतात. ते दोन अवयवांत बांधलेले आहेत हे दिसत नाही. तर्जनीचा 'र' द्रुत गतीत जवळजवळ मधल्या बोटाच्या उसळीवर निघतो, संथ गतीत तो स्वतंत्र हालचालीने काढावा लागतो. म्हणजे विद्यार्थी संथ गतीत जे पक्के करतो ती वेगळीच क्रिया असते. म्हणून 'हळू वाजव, मग वेग वाढव' हा उपदेश अपुरा आहे. बोल संथ म्हणावा, पण हाताने एकच 'तिर्-किट्' आरंभापासून पूर्ण गतीत काढून थांबावे. मग दोन, मग चार. दुसरे, चित्रफितीत बहुधा पद नसते. तुकडा एकटा असतो, त्याच्या आधी-मागे कोणी गात नसते. असा तुकडा शिकलेला मुलगा भजनात बसला की त्याला जागेचा एकच अर्थ ठाऊक असतो.

यावर भजनातील जुनीच रीत थोडी नेटकी करून वापरता येईल. दोघांनी समोरासमोर बसावे. एकाने अभंग चालीशिवाय, प्रत्येक अक्षर सुटे व अन्त्य 'अ'कारासह, हाताने टाळी देत म्हणावा आणि उरलेल्या मात्रांत गप्प राहावे. दुसऱ्याने त्या मात्रांत तोंडाने बोल भरावेत: पहिल्या तीन चरणांनंतर दोन मात्रांत 'तिरकिट तिरकिट', चौथ्यानंतर चार मात्रांत त्याचा दुप्पट. मग न सांगता छोटा अभंग सुरू करावा. बोल म्हणणारा गप्प राहिला तर त्याला छंद कळला. वाद्य त्यानंतर आणावे. आमच्या पदव्युत्तर वर्गात छंद शिकविताना हा प्रयोग करून पाहण्यास कोणतीही सामग्री लागत नाही. बोलीसर्वेक्षणाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणी आणि नातेवाचक शब्द मुद्रित करताना गावातील ढोलकीवाल्याला त्याचे बोल एकदा म्हणून आणि एकदा वाजवून दाखविण्याची विनंती करावी. आणि दोन्ही वेळा शेजारी कोणीतरी अभंग म्हणत असावा, नाहीतर बोल मिळतील पण त्यांची जागा मिळणार नाही.